काकांच्या हातची ढमी

काकांना कलिंगड निवडायला नेण्याची त्या गल्लीत पद्धतच पडली होती. कोणाकडे पाहुणे यायचे असले, की शेजारी दार वाजवून विचारत, "काका मोकळे आहेत का?" मग काका चपला सरकवून निघत. फळवाल्यासमोर उकिडवे बसत, एकेक कलिंगड उचलत, बोटांनी वाजवत, कानाशी नेत, नाक मुरडून खाली ठेवत आणि शेवटी एकावर हात ठेवून म्हणत, "हे घ्या." ते कापल्यावर लालभडक निघायचंच. फळवाल्याला काका येताना दिसले की त्याच्या कपाळावर आठी पडे, कारण चांगला माल उचलून ते निघून जात आणि उरलेला त्याला दुसऱ्याच्या गळ्यात मारावा लागे. टोमॅटो असोत, पायपोस असो की बायकोच्या शिवणकामासाठी बटणं असोत, ढिगातलं चांगलं तेवढं नेमकं उचलण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. बायको म्हणायची, "त्यांच्या निवडीचं काय विचारता, मलाच निवडलंय त्यांनी. माझी निवड तेवढी चुकली." हा विनोद तिने इतक्यांदा केला होता, की काका तो संपायच्या आतच हसून मोकळे व्हायचे.

हे आधीच सांगून टाकायचं कारण असं, की पुढे जे झालं ते याच हाताने झालं. काका वाईट माणूस नव्हते. आळशी तर नव्हतेच नव्हते. थोडे आळशी असते तर फार बरं झालं असतं.

नोकरी होती एका संशोधन संस्थेत, बुरशीच्या लॅबमध्ये. हुद्दा सहायकाचा. काम सांगायला अगदी सोपं: बुरशी जिवंत ठेवायची. काचेच्या चपट्या, झाकणाच्या बशीत, जिला तिथे सगळे प्लेट म्हणत, बुरशीच्या खाऊचा पातळ थर ओतलेला असे. त्यावर बुरशीचे गोल ठिपके वाढत. खाऊ संपत आला की त्यातला एक ठिपका तारेच्या बारीक कडीने उचलायचा आणि नव्या प्लेटवर ओढायचा. तीही संपत आली की पुन्हा तेच. तार ज्योतीवर लाल करायची, गार होऊ द्यायची, झाकण बोटभरच उघडायचं, श्वास आवरायचा, उचलायचं, ओढायचं, झाकायचं. यात कुठूनही भलता जंतू शिरला तर सगळी प्लेट वाया. शेजारच्या लॅबमध्ये दर आठवड्याला टोपलीभर प्लेटा नासत. काकांच्या हातची कधी नासली नाही. लोक त्यांच्या प्लेटा बघायला येत आणि "घरात फ्रेम करून लावा" म्हणून चेष्टा करत. काका वरवर हात झटकत, पण त्या दिवशी घरी जेवताना ते बायकोला हमखास सांगत.

लॅब बाईंची होती. बाई म्हणजे लॅबच्या प्रमुख. आल्या तेव्हा अगदी तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावर घसरायचा, आणि काकांपेक्षा बऱ्याच लहान असूनही पहिल्या दिवसापासून काकांनी त्यांना बाईच म्हटलं आणि त्यांनी काकांना काका. वर्षं गेली, चष्म्याची काच जाड झाली, केस पिकू लागले. संसार केला नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "एक आहे ना पोसायला." ती एक म्हणजे ढमी.

ढमी ही बुरशी. बुरशीच्या अंगातही चरबी असते, आणि बाईंच्या लॅबमधली जात मुळातच जरा तेलकट होती. बाईंनी तिच्या जनुकांत हात घातला. साखरेचं तेल करणारं एक जनुक दुसऱ्या बुरशीतून आणून तिच्यात बसवलं, आणि साठलेलं तेल परत जाळून खाणारं तिचं स्वतःचं जनुक बंद पाडलं. भराभर साठवायचं आणि मोडायचं नाही, अशी सोय. सांगायला दोन वाक्यं लागली, करायला बाईंचं तारुण्य लागलं. असंख्य पेशींत त्या जनुकाचा तुकडा सोडून पाहिला. बहुतेक मेल्या, काहींनी दाद दिली नाही, आणि एकीतच तो अशा काही जागी बसला की तिने तेल साठवायचा सपाटा लावला. तो तुकडा नक्की कुठे बसला हे शोधायचं होतं. ते उद्यावर पडत राहिलं. लाल रंग घालून ती पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिली, तर आत तेलाचा एवढा मोठा थेंब, की बाकीचं सगळं कडेला चेपून बसलेलं. बाईंनी काकांना बोलावून दाखवलं. काका वाकून बघत म्हणाले, "बाई, ही तर ढमी झाली की." नळ्यांवर तिचा नंबर होता, कागदांवर लांबलचक नाव होतं, पण तोंडात राहिलं ढमी.

लाकडाच्या भुशापासून एक गोड रस काढता येतो. त्या रसावर ढमी वाढवायची आणि तिचं तेल काढायचं, म्हणजे तेलासाठी जमीन अडवायला नको, जंगल तोडायला नको, अशी बाईंची मांडणी. ती त्यांनी एका मोठ्या परिषदेत मांडली. आकडे पडद्यावर आले तशी कुजबुज सुरू झाली. एक ज्येष्ठ प्राध्यापक उठून गोड आवाजात म्हणाले, "एवढं तेल बुरशीत निघालं, की नुसतं कागदावर?" सभागृह हसलं. बाई खाली बसल्या. परत आल्यावर त्यांनी काकांना ते जसंच्या तसं सांगितलं, हसू आणण्याचा प्रयत्न करत. "काका, आता मी भांडत नाही. मोठ्या टाकीतून तेल काढून बाटलीत भरून दाखवीन, मग बघू." तोवर ढमी कोणाला द्यायची नाही, एक ठिपकासुद्धा लॅबबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. एकदा हसलेल्या माणसांच्या हाती आपली वस्तू द्यायला मन होत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

एका साबणाच्या कारखान्याने तयारी दाखवली. त्यांच्याकडे मोठी टाकी होती. टाकीतून तेल निघालं तर कारखाना लॅब चालवायला घेणार होता. नाही निघालं तर संस्था लॅबला टाळं लावणार, हे तर ठरल्यासारखंच होतं. पण त्याहून वाईट म्हणजे, बाईंनी आकडे फुगवले होते हा शिक्का कायमचा बसणार होता.

आता लॅबचा एक नियम होता. ढमीच्या पहिल्यावहिल्या नळ्या थिजवून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या होत्या. प्लेटवरून प्लेटवर काही फेऱ्या झाल्या, की चालू प्लेट फेकायची आणि फ्रीजरमधली नळी उघडून नव्याने सुरुवात करायची. काकांना हा नियम मनातून पटत नसे. गोठवलेली ढमी जागी व्हायला दिवसेंदिवस घ्यायची, आणि झाली तरी झोपमोड झालेल्या पाहुण्यासारखी तोंड पाडून बसायची. बारके, पिवळट, चिकट ठिपके. त्यापेक्षा हातची ढमी कशी पांढरीशुभ्र, टपोरी, रात्रीत प्लेट भरून टाकणारी. एकदा त्यांनी बाईंना विचारलं, "हातची चांगली चालली आहे, कशाला गोठवलेली काढायची?" बाई कुठल्याशा अर्जात डोकं घालून बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चांगली आहे ना? मग राहू दे." त्यानंतर काकांनी विचारलं नाही आणि बाईंनीही विषय काढला नाही. त्या काळात सगळ्यांचं लक्ष टाकीकडे होतं: हवा किती सोडायची, रस किती पातळ करायचा. तेल मोजणं मागेच झालेलं होतं, ते पुन्हा कशाला मोजायचं, असं झालं.

मग लॅब मागच्या इमारतीत हलवली. सामान वाहणाऱ्यांनी फ्रीजर व्हरांड्यात आणून ठेवला आणि सुट्टी लागली म्हणून निघून गेले. बटण लावायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. सुट्टीनंतर उघडून बघतात तर आत पाणी, आणि नळ्यांतली ढमी वितळून मेलेली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या नळ्या एकेक करून उजेडात धरत होत्या आणि खाली ठेवत होत्या. काका शांतपणे कपाटाकडे गेले, एक प्लेट काढली आणि बाईंच्या हातात दिली. "ही काय, आहे की." पांढरे टपोरे ठिपके, एकसारखे. बाई आधी हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "काका, तुम्ही होतात म्हणून."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कोणाच्या तरी झग्याची उसवलेली शिवण घालत होती. दोरा दातांनी तोडत तिने विचारलं, "म्हणजे आता ती फक्त तुमच्याच प्लेटवर आहे?"

"माझ्याच. दुसरीकडे कुठे नाही."

"बाई गं," एवढंच बायको म्हणाली आणि मशीन चालवू लागली.

कारखान्यातला दिवस उजाडला. टाकी दोन मजले उंच होती, तिच्या पोटाशी गोल काच होती आणि काचेपलीकडे ढमी घुसळत होती. टाकी चालवणारा, ज्याला सगळे टाकीवालाच म्हणत, खुशीत होता. "काका, काय जोमाने वाढली हो. असं काही मी पाहिलेलं नाही. फेस वर येतोय." काका त्या काचेजवळ दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. लेक परीक्षेत पहिली आली आणि आपण नुसते सभागृहाच्या दारात उभे आहोत, असं त्यांना वाटत होतं.

मग रस गाळला, ढमी सुकवली, दळली, तिच्यातलं तेल विरघळवून काढलं, आणि शेवटी काचेच्या भांड्यात जे उरलं ते बाईंनी खिडकीपाशी नेलं. तळाशी तेलकट डाग होता. बोट फिरवलं तर पुसला जाईल एवढाच. बाई म्हणाल्या, पुन्हा करा. पुन्हा केलं. पुन्हा डाग. कारखान्याची माणसं फार सभ्य होती. कोणी आवाज चढवला नाही, उलट चहा विचारला. एकाने दुसऱ्याकडे बघितलं तेवढंच, आणि ते बाईंना दिसलं.

त्यानंतरचे दिवस बाईंनी स्वतःला सोलून काढण्यात घालवले. जुनी मोजमापं पुन्हा तपासली, जनुकाची आखणी पुन्हा तपासली. चूक सापडेना, तशी त्यांनी मोठ्या मनाने ती कुठेतरी असणारच असं धरून टाकलं. काका टेबल पुसत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "माझाच मोजण्यात काही गोंधळ झाला असेल, काका. तेव्हा घाई होती. हवं तेच दिसलं असेल मला."

"तुम्ही चुकत नाही, बाई."

"कोणीतरी चुकलंच ना. बुरशी काही खोटं बोलत नाही."

काकांना त्यांची दया आली. खरंच आली. या बाईसाठी काय करू नि काय नको असं त्यांना झालं, आणि करण्यासारखं एकच येत होतं म्हणून ते ढमीच्या पुढच्या प्लेटा ओढायला बसले. लॅब बंद होणार असली तरी त्यांच्या हातून ढमी उपाशी राहणार नव्हती. बाई हातातला कप घेऊन त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. काकांच्या कामात बघण्यासारखं काय आहे असंच सगळ्यांना वाटे. काकांनी तार लाल केली, गार केली, झाकण उचललं. तार प्लेटवर क्षणभर फिरली, एका ठिपक्यावर थांबली, पुढे गेली, दुसऱ्यावर थांबली आणि त्याला उचललं.

"तोच का घेतलात?" बाईंनी सहज विचारलं.

"बघा की, कसा टवटवीत आहे. सगळ्यांत मोठा."

"नेहमी मोठाच घेता?"

"नेहमी." काकांना बरं वाटलं. या गोष्टीबद्दल त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. "आता सगळेच चांगले दिसतात, तेव्हा निवडायला त्रास होतो. पण सुरुवातीला तुम्ही बघायला हवं होतं. सगळी प्लेट बारक्या, पिवळट ठिपक्यांची असायची. रोगट नुसते. मी ते कधी घेतले नाहीत. एखाददुसरा पांढरा, मोठा निघायचा, तोच शोधून पुढे न्यायचो. असं करत करत वाण सुधारत आणला."

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. काकांनी मागे वळून पाहिलं. बाई स्टुलावर बसल्या होत्या.

"पिवळट," त्या म्हणाल्या. "काका, तेलानेच पिवळट दिसायचे ते."

काकांना लगेच कळलं नाही. बाईंनी समजावून सांगितलं, आणि आवाज इतका हळू ठेवला की काकांना पुढे वाकावं लागलं. ढमीच्या अंगावर तेलाचं ओझं होतं. खाल्लेलं सगळं ती साठवायची, वाढायला फारसं उरायचंच नाही, म्हणून ती बारकी आणि संथ. पण अशा लाखो पेशींत एखादी निघायची, जी ते बसवलेलं जनुक गुपचूप बंद करून टाकायची. तिचं ओझं गेलं. ती भराभर वाढायची, पांढरी, टपोरी व्हायची. तीच काकांच्या डोळ्यात भरायची. दर फेरीला काकांनी डोळ्यांत तेल घालून नेमकी तीच वेचून काढली, आणि जिच्यासाठी एवढा सगळा खटाटोप होता ती मागच्या प्लेटवर राहिली. मागची प्लेट काका स्वतःच्या हाताने वाफेत घालून मारून टाकत.

काकांच्या हातात तार तशीच होती.

"म्हणजे माझं बरोबर होतं," बाई म्हणाल्या.

काकांचा जीव एवढ्याने भांड्यात पडला. "होतंच की, बाई. मी म्हणत नव्हतो?" हे बोलून होईपर्यंत त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तार खाली ठेवली. चुकले असं एकदा मनाशी कबूल करून बाईंनी कसंबसं स्वतःला आवरलं होतं. आता तेवढाही आधार गेला होता. बरोबर होतं, झालेलं होतं, आणि दाखवायला काही उरलं नव्हतं.

"आता ती कुठे असेल, काका?" बाईंनी विचारलं.

दुसरी एखादी गबाळी लॅब असती तर कुठेतरी असती. खणाच्या तळाशी विसरलेली एखादी प्लेट, फ्रीजच्या मागे पडून वाळलेली एखादी नळी, कोणीतरी फेकायचा कंटाळा केलेला एखादा डबा. काकांनी सगळे खण उपसले. कपाटांच्या मागे हात घातला, मोडकळीस आलेल्या उपकरणांची खोकी उलटी केली, जुन्या इमारतीतली रिकामी खोली उघडायला लावून तिथल्या फळ्या चाचपल्या. काही नाही. काकांची लॅब आरशासारखी स्वच्छ होती. तिथे कामाव्यतिरिक्त काही शिल्लक ठेवायची पद्धतच नव्हती.

"पुन्हा नाही का बनवता येणार?" काकांनी विचारलं. विचारताना त्यांची मान वर होत नव्हती.

"जनुक पुन्हा घालता येईल. ते त्याच जागी बसेल असं नाही. कुठे बसलं होतं ते मी शोधलंच नाही ना." बाई पुढे म्हणाल्या, "आणि लॅब कुठे आहे आता."

टाकीची बातमी परिषदेपर्यंत पोचली होती, आणि तिथल्या मंडळाने मागितलेला खुलासा बाईंना पाठवायचा होता. काका त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "त्यात माझं नाव घाला. काय झालं ते सगळं लिहा. मी येऊन सांगतो हवं तर."

"घालून काय होणार? आकडे फुगवले, आणि पकडली गेल्यावर सहायकावर ढकललं, असंच म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं." बाईंनी चष्मा वर सरकवला. "पूर्वीचे आकडे पुन्हा मिळाले नाहीत, एवढंच लिहिलंय. तेवढं तर खरं आहे."

त्या आठवड्यात शेजारीण दार वाजवून गेली. तिच्याकडे पाहुणे येणार होते. काका आतूनच म्हणाले, "तुम्हीच घ्या हो, सगळी सारखीच असतात." बायकोने मशीनवरून पाय काढला. काकांच्या तोंडून असलं काही तिने ऐकलं नव्हतं.

"बरं नाही का?"

"बरा आहे. हात धजावत नाही."

ती त्यांच्याजवळ येऊन बसली. मांडीवरचे दोरे झटकले. "अहो, मुद्दाम केलंत का तुम्ही?"

"मुद्दाम केलं असतं तर एखादेवेळी तरी हयगय झाली असती," काका म्हणाले. "मी अगदी मन लावून केलं."

बायको उठून पुन्हा मशीनवर बसली. नेहमीचा विनोद तिने त्या दिवसापासून बंद केला, आणि काकांच्या ते लक्षात आलं.

लॅबला टाळं लागायला थोडे दिवस होते. काकांनी त्या दिवसांत एकच केलं. ढमीच्या चालू प्लेटवरचे ठिपके पाण्यात पातळ करून नव्या प्लेटांवर पसरले, आणि उगवून आल्यावर भिंग घेऊन एकेक प्लेट पालथी घातली. आता त्यांना मोठे, पांढरे ठिपके नको होते. त्या टपोऱ्या गर्दीत कुठे एखादा बारका, पिवळट, रोगट ठिपका आहे का, तो ते शोधत होते. जो हात नेहमी चांगल्यावर जायचा, त्याला ते ओढून वाईटाकडे वळवत होते. प्लेटांमागून प्लेटा गेल्या. सगळ्या कशा एकसारख्या, निरोगी. बाई आपली पुस्तकं खोक्यांत भरत होत्या आणि काका काय करताहेत हे त्यांना कळत होतं. त्यांनी थांबवलं नाही.

आणि एक सापडला. प्लेटच्या कडेला, टाचणीच्या डोक्याएवढा, पिवळसर. काकांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. श्वास रोखून तो उचलला आणि स्वतंत्र प्लेटवर ठेवला. दुसऱ्या दिवशी काही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी अगदी पुसटशी रेघ, पिवळी, संथ. पांढरा, मोठा असा एकही ठिपका त्यात नव्हता. ढमी अशीच जागी व्हायची. त्यांना ते तोंड पाडून बसणं आठवलं आणि पहिल्यांदाच ते आवडलं. तपासून बघण्याएवढं भरायला तिने लॅबच्या शेवटच्या दिवसापर्यंत वेळ घेतला, आणि जितकी ती रेंगाळत होती तितकी काकांची खात्री वाढत होती.

शेवटच्या दिवशी खोल्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. मायक्रोस्कोप तेवढा न्यायचा राहिला होता. काका प्लेट घेऊन बाईंपुढे उभे राहिले. ती त्यांनी पुढे केली. बाईंनी प्लेट उजेडाकडे धरली आणि त्यांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी स्वतः काच घेतली, थेंब ठेवला, लाल रंग घातला. जुनी सवय म्हणून काच रुमालाने पुसून मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. काका त्यांच्या हाताकडे बघत होते. तो सावकाश थांबला.

"काका," बाई म्हणाल्या, "ही नुसती आजारी आहे."

"नीट बघा, बाई. पिवळी आहे."

"बघितलं. तुम्ही बघा."

काकांनी डोळा लावला. पेशी सुरकुतलेल्या होत्या. आत लाल असं काहीच नव्हतं, थेंब नाही, ठिपका नाही. मरायला टेकलेली साधी बुरशी होती ती, आणि काकांनी तिला मरू दिलं नव्हतं एवढंच. इतकी वर्षं सगळं चांगलं वेचण्यात गेलं होतं आणि अखेरीला त्यांनी जीव लावून एक वाईट वेचलं होतं, तेही खोटं निघालं.

"जाते मी," बाई म्हणाल्या. त्यांनी शेवटचं खोकं उचललं. दारात थांबून त्यांनी काकांकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर काकांना सोपं गेलं असतं. "बाकीचं तुम्ही कराल ना?"

"करतो."

काकांनी सगळ्या प्लेटा जाळीच्या टोपलीत रचल्या, टपोऱ्या, पांढऱ्या खाली आणि ती पिवळी वर. टोपली वाफेच्या भांड्यात उतरवली, झाकण आवळलं, दाब चढेपर्यंत काट्याकडे बघत उभे राहिले. वाफ निघाली, काटा उतरला, तेव्हा टोपली काढून ठेवली. मग फडकं ओलं केलं आणि टेबल पुसायला घेतलं. कोपरे, खाच, ज्योतीखालची फरशी, सगळं. नेहमीसारखं, कुठे म्हणून काही मागे राहणार नाही असं.